काजूचा हंगाम आणि बँकेचा हप्ता : बचत गटाच्या कर्जसेवेचा अनुभव

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या बारा जणींच्या बचत गटाने काजू प्रक्रियेसाठी एका बँकेच्या शाखेतून 3 लाखांचे मुदत कर्ज घेतले, त्याला आता दोन वर्षे होत आली. गटाचा हिशेब मी लिहिते, म्हणून हा अभिप्रायही मीच लिहीत आहे. शाखेचे नाव मुद्दाम देत नाही. पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि कापलेले दीड गुण मुख्यतः वेळापत्रकाचे आहेत.

आधी जमेची बाजू. 1982 मध्ये स्थापन झालेली नाबार्ड, म्हणजे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, आमच्यासारख्यांना खिडकीवर भेटत नाही. ती बँकांना पुनर्वित्त, म्हणजे कर्जवाटपासाठी लागणारा पैसा, देते आणि बँका गटांना कर्ज देतात. 1992 मध्ये 500 गटांपासून सुरू झालेल्या बचत गट-बँक जोडणीचे मर्म असे, की जमिनीचा उतारा किंवा दागिने यांच्याऐवजी गटाची वही पाहिली जाते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि नीट हिशेब या पंचसूत्रीवर आमची पात्रता ठरली. ज्या बायकांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यांना 7 टक्के वार्षिक दराने पैसे मिळाले. गावातला शेकडा तीन रुपये महिन्याचा दर, म्हणजे वर्षाला 36 टक्के, ज्यांनी भरला आहे त्यांनाच हा फरक कळेल. खासगी सूक्ष्म कर्जाच्या वसुलीचा जाच इतका वाढला होता, की 2025 मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला.

आता अडचण. काजूच्या बिया मार्च ते मे या काळात विकत घ्याव्या लागतात, तेव्हाच भाव बरा असतो. आमचा अर्ज फेब्रुवारीत गेला आणि रक्कम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात आली, तोवर बिया व्यापाऱ्यांच्या गोदामात पोहोचल्या होत्या. त्या वर्षी चढ्या भावाने माल घेऊन, वाफवून, फोडून, सोलून आणि प्रतवारी करून विकला, तरी फायदा जेमतेम उरला. शिवाय हप्ता दरमहा सव्वानऊ हजारांच्या आसपास, पाऊस असो वा नसो. खानापूरच्या पावसात ओला गर वाळत नाही आणि वाळला नाही तर विकतही नाही. हंगामी धंद्याला मासिक पगारदाराचा हप्ता लावणे ही चूक नाबार्डची म्हणावी, की शाखेची? माझ्या मते शाखेची, कारण अशा गटांना मुदत कर्जाऐवजी कॅश क्रेडिट देण्याचीही सोय असते, ज्यात उचललेल्या रकमेवरच व्याज लागते. ते आम्ही मागितले, तेव्हा ‘मुदत कर्ज सोपे पडते’ एवढेच उत्तर मिळाले. कोणाला सोपे, ते विचारायचे राहिले.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. गटाच्या बचत खात्यातील रक्कम काढू नका, असे तोंडी सांगण्यात आले. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानातील गटांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही आणि बचत खात्यावर बोजाही ठेवता येत नाही. मी त्या सूचनेची प्रत पुढे ठेवल्यावर तो विषय बंद झाला. ज्या गटाकडे प्रत नसेल त्याचे काय होते, याचा विचार मनातून जात नाही.

करारपत्र कन्नड व इंग्रजीत होते. आमच्यातल्या वयस्कर मावश्यांना दोन्ही वाचता येत नाही, परंतु शाखेतील एका तरुण कर्मचाऱ्याने प्रत्येक पान मराठीत समजावले आणि मगच सह्या-अंगठे घेतले. साडेतीनमधला अर्धा गुण त्याचाच आहे.

पुढच्या कर्जाचा अर्ज आम्ही यंदा डिसेंबरमध्येच देणार आहोत, सोबत कॅश क्रेडिटच्या मागणीचा ठराव आणि गेल्या दोन हंगामांच्या खरेदीच्या पावत्या जोडून.