प्रीसेटची कॉपी की जोडलेला अँप ब्लॉक?

गिटारच्या डिजिटल प्रोसेसरवर (अँप आणि इफेक्टची नक्कल करणारं यंत्र; त्यातला प्रत्येक अँप किंवा इफेक्ट म्हणजे एक ब्लॉक) एकच आवडता अँप टोन सगळ्या गाण्यांच्या प्रीसेटमध्ये (सेव्ह केलेल्या ब्लॉकच्या संचात) वापरायचा, तर सरळ मार्ग अँप ब्लॉकच्या कॉपी-पेस्टचा. प्रत्येक प्रत स्वतंत्र. एकीत गेन वाढवला तरी बाकीच्या जशाच्या तशा. पण हेडफोनवर छान वाटलेला बास मोठ्या आवाजात घुमायला लागला, की तोच नॉब प्रत्येक प्रीसेट उघडून फिरवा, सेव्ह करा. एखादा हमखास सुटतो, आणि तो सापडतो नेमका कार्यक्रमात!

जोडलेल्या, म्हणजे सगळ्या प्रीसेटमध्ये सामाईक असलेल्या ब्लॉकमध्ये (फ्रॅक्टल कंपनीच्या अ‍ॅक्स-एफएक्सवर त्याला ग्लोबल ब्लॉक म्हणतात) दुरुस्ती एकदाच. धोकाही तोच: एका सोलोसाठी मिड (मधल्या पट्टीतला आवाज) वाढवलेत तर सगळ्याच गाण्यांचे वाढतात. म्हणून मी अँप आणि कॅब (स्पीकरच्या पेटीचा ब्लॉक) तेवढे जोडतो. डिले-रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा देणारे इफेक्ट) सुटेच बरे, डिलेचा टाइम गाण्यागणिक बदलतो. सोलोला उठाव हवा तर अँपला हात न लावता कॅबनंतर वेगळा व्हॉल्यूम ब्लॉक.

लाइन ६ कंपनीचा हेलिक्स प्रोसेसर वापरणाऱ्यांना एका प्रीसेटमध्ये ८ स्नॅपशॉट (त्याच ब्लॉकच्या वेगवेगळ्या साठवलेल्या सेटिंग) मिळतात. अँप एकच, त्यामुळे थोड्या गाण्यांसाठी तेवढ्यावर भागतं. फक्त स्नॅपशॉटला नेमून दिलेला नॉब प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये वेगळा तपासावा लागतो.