इन्फोसिस पुरस्कार, जीवविज्ञान विभाग: कामाला दाद उत्तम, वयाची अट चुकीची

भारतात राहून जीवविज्ञानात संशोधन करणाऱ्यांसाठी जे पुरस्कार आहेत, त्यांत इन्फोसिस सायन्स फाउंडेशनचा पुरस्कार सर्वांत नेटका चालवला जातो. 2009 पासून तो दिला जातो. वेळापत्रक ठरलेलं असतं, निवड समिती कोणाची आहे हे उघड असतं, आणि कुणाला कशासाठी पुरस्कार मिळाला हे वाचून कळतं. तरीही 2024 पासून लागू झालेल्या चाळीस वर्षांखालच्या अटीमुळे तो जीवविज्ञानाच्या एका भागालाच नीट बसतो. नामांकनाचा विचार करणाऱ्या विभागप्रमुखांनी आणि तरुण संशोधकांनी दोन्ही बाजू आधी तपासून घ्याव्यात.

मिळतं काय? सुवर्णपदक, मानपत्र आणि एक लाख अमेरिकी डॉलर किंवा तितके रुपये. ही रक्कम व्यक्तीला मिळते. ते प्रयोगशाळेचं अनुदान नसतं, त्यामुळे तिचा हिशेब खरेदीच्या पावत्यांनी द्यावा लागत नाही. नावं साधारण नोव्हेंबरमध्ये जाहीर होतात आणि समारंभ पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला होतो. आमच्या मते पैशाइतकंच मोलाचं असतं ते मानपत्र. नेमका कोणता प्रश्न सुटला आणि तो का महत्त्वाचा होता, हे त्यात थोडक्यात सांगितलेलं असतं. सोबत निवड समितीचे अध्यक्ष कॅमेऱ्यासमोर येऊन ते काम समजावतात. अमेरिकेतल्या एमआयटीतले मेंदूशास्त्रज्ञ मृगांक सूर यांनी ही जबाबदारी अनेक वर्षं सांभाळली. बहुतेक सरकारी सन्मानांत नाव, संस्था आणि विषय एवढ्या तीन ओळींवर भागवलं जातं, त्यापुढे हा फरक फार मोठा आहे.

पुरस्काराची खरी परीक्षा म्हणजे विजेत्यांची यादी. 2009 ते 2025 या काळात जीवविज्ञानात 17 जणांना तो मिळाला, आणि त्यांतलं एकही नाव भरतीचं वाटत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या केंद्रातले इम्रान सिद्दीकी (2011) यांनी आईची हुबेहूब प्रत असणारं बी तयार होऊ शकेल का, यावर काम केलं. हे जमलं तर संकरित बियाणं दर हंगामाला विकत घ्यावं लागणार नाही. त्याच संस्थेतल्या मंजुळा रेड्डी (2019) यांनी जिवाणूची भिंत वाढताना आधी कुठे कापली जाते आणि ते कोणती विकरं (एन्झाइम) करतात, हे दाखवलं. नवी प्रतिजैविकं शोधायला ही माहिती थेट उपयोगी आहे. रूप मलिक (2018) यांनी पेशीतला माल वाहून नेणारी डायनिन नावाची प्रथिनं एकेकटी दुबळी असली तरी टोळीने कशी जोर लावतात, ते मोजलं. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतले सिद्धेश कामत (2024) यांचं काम आहे संदेश वाहणाऱ्या मेदरेणूंवर. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) शुभा तोळे (2014) यांनी गर्भावस्थेत मेंदूचे भाग कसे आखले जातात याचा, तर तिथल्याच विदिता वैद्य (2022) यांनी सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन आणि मनोविकार यांच्या संबंधाचा वेध घेतला. 17 जणांत पाच स्त्रिया आहेत. भटनागर या जुन्या सरकारी विज्ञान पुरस्काराची कित्येक दशकांची यादी उघडून पाहिली तर हे प्रमाण किती वेगळं आहे ते कळेल.

आता अटीविषयी. गणितात किंवा संगणकशास्त्रात पस्तिशीत मोठं काम हातावेगळं झालेलं असू शकतं. प्रयोगशाळेतल्या जीवविज्ञानाचं गणित निराळं आहे. पीएचडी तिशीच्या आसपास होते, त्यानंतर चार-पाच वर्षं पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या लॅबमध्ये संशोधन, आणि स्वतःची लॅब मिळेपर्यंत पस्तिशी येते. लॅब मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी काम सुरू होतं असंही नाही. उंदरांवर काम असेल तर प्राण्यांच्या नैतिकता समितीची परवानगी हवी, जनुकबदल केलेले उंदीर परदेशातून आणायचे तर त्याची वेगळी मंजुरी हवी. उंदरीण 19 ते 21 दिवसांनी विते, पिल्लं तीन आठवड्यांनी आईपासून वेगळी करतात, आणि ती सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर पुढच्या जोड्या लावता येतात. म्हणजे एका पिढीला अडीच-तीन महिने. मेंदूच्या एकाच भागात एखादं जनुक बंद करायचं तर किमान दोन पिढ्यांचा संकर लागतो, आणि शेवटच्या वेतातही हवी ती जनुकरचना चारातल्या एकाच पिल्लात सापडते. एवढं सगळं झाल्यावर मोजमाप सुरू होतं. पहिला स्वतंत्र पेपर यायला चार वर्षं लागली तर त्यात आळस नसतो, जीवशास्त्र असतं.

वैद्यकीय संशोधकांचं तर आणखी कठीण. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी तीन वर्षं, मग संशोधनाचं प्रशिक्षण. गगनदीप कांग (2016) यांच्या गटाने वेल्लूरमध्ये 373 मुलांना जन्मापासून तीन वर्षं नियमित तपासलं आणि मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची लागण एकदा झाली की पुढच्या वेळी किती संरक्षण मिळतं ते पाहिलं. अशा अभ्यासाची घाई करता येत नाही, कारण मुलं त्यांच्याच वेगाने मोठी होतात. परिसरशास्त्रातही तसंच आहे. महेश शंकरन (2021) यांच्यासारखं गवताळ प्रदेशांवरचं काम अनेक पावसाळ्यांच्या नोंदींवर उभं राहतं.

जुन्या यादीला आजची अट लावून पाहा. पहिले विजेते के. विजयराघवन त्या वेळी 55 वर्षांचे होते, कांग 54, तोळे 47. यांपैकी कुणालाही आज पात्र ठरवता येणार नाही. तरुणांना लवकर बळ द्यायचं हा हेतू आम्हाला पूर्ण मान्य आहे. 2025 च्या विजेत्या अंजना बद्रीनारायणन यांच्यासारखी, जिवाणू आपल्या डीएनएची दुरुस्ती कशी करतात हे शोधणारी माणसं वेळीच पुढे आली, तर ते देशाच्या हिताचंच आहे. पण त्यासाठी जन्मतारखेची मोजपट्टी चुकीची आहे. युरोपातल्या एम्बो या जीवशास्त्रज्ञांच्या संस्थेचा तरुण संशोधकांसाठीचा कार्यक्रम पाहा. तिथे स्वतःचा गट सुरू होऊन किती वर्षं झाली हे मोजतात, साधारण एक ते चार, आणि मूल झाल्यास मुदत वाढवून मिळते. 2016 पासून भारत एम्बोच्या परिषदेचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे इथल्या संशोधकांनाही एम्बोच्या योजनांत अर्ज करता येतो. ज्यांची लॅब नुकतीच उभी राहिली आहे, त्यांनी आधी तिथला अर्ज भरावा असं आमचं स्पष्ट मत आहे. रक्कम लहान आहे, पण सोबत परदेशी गटांशी ओळख, प्रशिक्षण आणि मोठ्या सुविधांचा वापर मिळतो.

दुसरी उणीव यादीच्या भूगोलात दिसते. 17 पैकी 11 विजेते तीन ठिकाणांहून आलेले आहेत: बेंगळुरूचं एनसीबीएस हे जीवविज्ञान केंद्र, हैदराबादचं सीसीएमबी आणि मुंबईचं टीआयएफआर. त्यातही एनसीबीएस हे टीआयएफआरचंच केंद्र. राज्य विद्यापीठातलं एकही नाव नाही, कृषी विद्यापीठातलंही नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथे पिकांच्या वाणांवर, कीड-रोगांवर काम करणाऱ्यांना या यादीत जागा सापडत नाही. याचा सगळा दोष पुरस्काराच्या माथी मारता येणार नाही. शिकवण्याचे आणि परीक्षेचे तास सांभाळून संशोधन करणाऱ्या विभागांतून नामांकनच क्वचित निघतं, आणि निघालं तरी ते कच्चं असतं. पण वर्षानुवर्षं त्याच तीन इमारतींतून नावं येत असतील, तर नावं शोधायला बाहेर पडणं हे आयोजकांचंही काम आहे. फाउंडेशन विजेत्यांची व्याख्यानं महाविद्यालयांत घडवतं. त्याच दौऱ्यांत तिथल्या संशोधकांशी बोलणं सहज जमण्यासारखं आहे.

सरकारी पर्याय आता राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार हा आहे. 1958 पासून चालत आलेल्या शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराला पाच लाख रुपये आणि वयाच्या 65 व्या वर्षापर्यंत दरमहा 15,000 रुपये मिळत. त्याची वयोमर्यादा 45 होती आणि काम आधीच्या पाच वर्षांत प्रामुख्याने भारतात झालेलं असावं लागे. ते नाव आता ‘विज्ञान युवा’ या श्रेणीत राहिलं आहे. वयोमर्यादा 45 च आहे, मिळतं सनद आणि पदक. रक्कम काढून टाकणं आम्हाला पटलेलं नाही, कारण दरमहाच्या त्या पंधरा हजारांतून अनेकांनी परिषदांचे प्रवास आणि विद्यार्थ्यांची अडलेली कामं भागवली असती. तरी चाळिशी ओलांडलेल्या प्रयोगशील जीवशास्त्रज्ञासाठी हीच वाट मोकळी आहे. पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ‘विज्ञान श्री’ आहे, आणि अत्युच्च सन्मान म्हणून ‘विज्ञान रत्न’. 2024 मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला, तो जीवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन यांना. विज्ञानातला सर्वांत श्रीमंत पुरस्कार म्हणजे 30 लाख डॉलरचा ब्रेकथ्रू. त्याला वयाची अट नाही, पण स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही, आणि तिथे पोहोचणारं काम बहुधा औषध किंवा उपचारापर्यंत गेलेलं असतं.

नामांकन कुठलंही असो, फाइल बहुतेक वेळा त्याच त्या कारणांनी पडते. पहिलं म्हणजे सगळ्या पेपरांची लांबलचक यादी. समिती पाच ते दहा पेपर नीट वाचते, त्यामुळे तेवढेच निवडावेत आणि प्रत्येकाखाली दोन ओळींत लिहावं की आधी काय माहीत नव्हतं आणि या पेपराने काय कळलं. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो तो आकडा) लिहून काही साधत नाही. दुसरं, पोस्टडॉकच्या काळातल्या गाजलेल्या पेपरावर सगळा भार टाकणं. समितीला स्वतंत्र वाट पाहायची असते. जुन्या गाइडचं नाव नसलेले, स्वतःच्या लॅबमधून निघालेले आणि पत्रव्यवहाराचा लेखक, म्हणजे पेपराची जबाबदारी घेणारा, म्हणून स्वतःचं नाव असलेले पेपर आधी यायला हवेत. बहुलेखकी कामात नेमका वाटा कोणता, हे सांगायलाच हवं: रचना, प्रयोग, विश्लेषण की नमुने.

शिफारसपत्रं हा सर्वांत दुबळा दुवा. एकाच संस्थेतल्या तिघांची पत्रं एकासारखी वाचली जातात. किमान दोन पत्रं अशांची हवीत ज्यांनी एकत्र पेपर लिहिलेला नाही, आणि त्यांतलं एक देशाबाहेरचं असलं तर बरं. पत्र मागताना निवडक पेपर, दोन पानांचा गोषवारा आणि मुदत एकत्र पाठवावी, तेही सहा आठवडे आधी. आठवडाभर आधी मागितलेल्या पत्रात ‘मेहनती आणि हुशार’ यापलीकडे काही येत नाही, आणि असं पत्र नसण्यापेक्षा जास्त नुकसान करतं, कारण लिहिणाऱ्याला काम माहीत नाही हे त्यातून दिसतं.

रकमेबाबत एक सूचना. व्यक्तीला मिळालेल्या पुरस्कारावर आयकराची सूट सरसकट नसते, त्यासाठी त्या पुरस्काराला केंद्र सरकारची मान्यता लागते. पैसे खात्यात येण्याआधी अधिसूचना तपासून घ्यावी, आणि रक्कम संस्थेला किंवा विद्यार्थ्यांच्या निधीला द्यायची असेल तर सनदी लेखापालाला विचारूनच द्यावी.