आर्टुरिया मिनीलॅब ३: पेटीवर बसलेल्या हातासाठी पहिला मिडी कीबोर्ड

आर्टुरियाचा मिनीलॅब ३ गेले काही महिने वापरतोय. ज्यांनी लहानपणी पेटी शिकलीय आणि आता घरी लॅपटॉपवर काहीतरी इलेक्ट्रॉनिक करून बघायचंय त्यांना मी डोळे झाकून हाच सांगेन. पियानो शिकलेल्यांना नाही सांगणार, ते खाली येतंच.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, कारण घरी जो येतो तो हेच विचारतो की याचा स्पीकर कुठेय. नाहीये! मिडी कीबोर्डमधून आवाज येतच नाही, तुम्ही पट्टी दाबली की तो फक्त निरोप पाठवतो की अमुक स्वर दाबला, एवढ्या जोरात दाबला (आकडा १२७ पर्यंत जातो) आणि आता सोडला, बाकी आवाज काढायचं काम लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचं. ही सगळी व्यवस्था १९८३ पासूनची आहे, त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम शोमध्ये (वाद्यांचं मोठं व्यापारी प्रदर्शन) प्रॉफेट ६०० आणि रोलंडचा ज्युपिटर ६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ (म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज तयार करणारी वाद्यं) एकमेकांना जोडून दाखवले होते. तेव्हाचं ते पाच पिनांचं गोल सॉकेट मिनीलॅबच्या मागेही दिलंय, म्हणजे उद्या कुठून जुना सिंथ हाताला लागला तर थेट जोडता येईल. मला अजून लागला नाहीये, पण असू दे.

आता मुद्द्याचं. मिनीलॅबला २५ छोट्या पट्ट्या आहेत, म्हणजे दोन सप्तकं आणि वरचा सा. साडेतीन सप्तकांच्या पेटीची सवय असलेल्याला हे ऐकूनच कसंतरी होतं, मलाही झालं होतं, पण जरा विचार करा, पेटी आपण वाजवतो एका हाताने, दुसरा असतो भात्यावर. डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार स्वर) धरून उजव्याने सुरावट हे आपण कधी केलेलंच नसतं, त्यामुळे दोन सप्तकं एका हाताला पुरतात आणि मंद्रात किंवा तारात जायचं असेल तर ऑक्टेव्हचं बटण आहेच. खरा प्रश्न हा की भात्यावरचा डावा हात आता काय करणार? माझ्या मते पहिला कीबोर्ड निवडताना बघायचं ते हेच, आणि यूट्यूबवरचे रिव्ह्यू मात्र पॅडचे (बोटांनी ठोकायच्या रबरी चौकोनांचे) लाइट दाखवण्यात दहा मिनिटं घालवतात.

कारण अशा कीबोर्डची पट्टी किती जोरात दाबली ते फक्त दाबताना कळतं, एकदा दाबली की संपलं. पेटीवर सूर धरून ठेवून भात्याने तो फुगवता येतो, उतरवता येतो, तो जीव इथे पट्टीत नाही. मिनीलॅबवर चार फेडर म्हणजे वर-खाली सरकवायची बटणं आहेत, मी त्यातल्या एकाला एक्स्प्रेशन, म्हणजे वाजत्या सुराचा आवाज लहानमोठा करणं, लावलंय (मिडीमध्ये त्याचा कंट्रोल नंबर ११). आता स्ट्रिंग्स (व्हायोलिनसारखे) किंवा एखादा लांबट आवाज घ्यायचा, उजव्या हाताने सूर धरायचा आणि दुसऱ्या हाताने तो फेडर हळूहळू वर-खाली. हाच माझा भाता. फेडर उजवीकडे असल्यामुळे हात जरा तिरका येतो, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. पण जिथे सोडला तिथेच राहतो हे महत्त्वाचं. अकाईच्या एमपीके मिनी एमके ३ या कीबोर्डला फेडर नाहीत, पिच (सुराची उंची) आणि मॉड्युलेशनला (सुराला कंप वगैरे देणं) मिळून एक जॉयस्टिक आहे आणि ती सोडली की स्प्रिंगने मधे परत येते. ज्याला बीट्स करायचेत त्याला काही फरक पडत नाही, उलट आठ पॅड आणि एमपीसी बीट्स सॉफ्टवेअर मिळतं म्हणून तो तिकडेच जाईल आणि बरोबरच करेल. नोव्हेशनच्या लाँचकी मिनीला १६ पॅड आहेत, एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप (आवाजाचे छोटे तुकडे) वाजवत बसायचं असेल तर तो घ्या.

मग मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं. पेटीवर मींड नाही, त्यावरून किती वाद झालेत ते सगळ्यांना माहितीये, इथे मात्र डाव्या बाजूला पिचची टचपट्टी आहे. पहिल्या दिवशी बोट सरकवलं आणि जाम निराश झालो कारण सूर जेमतेम रे पर्यंतच गेला. तर त्याचं कारण असं की बहुतेक सिंथमध्ये पिच बेंड (सूर वाकवणं) दोन सेमीटोनवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून दोन पट्ट्यांच्या अंतरावर, सेट असतं, सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ते पाच किंवा सात करा, मग सा वरून म किंवा प पर्यंत सलग जाता येतं. आणि खरंच सलग, कारण साध्या नॉबला १२८ पायऱ्या असतात पण पिच बेंडला मिडीने १६,३८४ ठेवल्यात.

एक भानगड मात्र आहे. सा-प धरून ठेवलाय आणि त्याच ट्रॅकवर वर मींड घ्यायला गेलात की सगळंच एकदम वाकतं, सा-प सुद्धा, आणि ते भयंकर वाटतं. पिच बेंड पूर्ण चॅनेलला, म्हणजे त्या आवाजाच्या सगळ्या सुरांना एकदम, लागू होतं म्हणून असं. तानपुऱ्यासारखा आधार आधी वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करून घ्यायचा आणि त्यावर वाजवायचं.

पॅडबद्दल फार लिहीत नाही. आठ आहेत, किती जोरात मारलं ते कळतं, ढोलकीचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले ठोके) टाकून वाजवले तर मजा येते, पण त्यावर दुगून वाजवायला माझी बोटं तरी चालत नाहीत.

सोबत एबलटन लाइव्ह लाइट आणि अ‍ॅनालॉग लॅब इंट्रो हा आवाजांचा संग्रह मिळतो. लाइटमध्ये आठच ट्रॅक, पण आठ ट्रॅकमध्ये काम होत नाही म्हणणाऱ्याने आधी आठ भरून दाखवावेत. सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याला आधीच विचारा की सॉफ्टवेअर रजिस्टर केलंय का, कारण ते पहिल्या माणसाच्या अकाउंटला चिकटलेलं असतं आणि मग कदाचित तुमच्या हातात नुसत्या पट्ट्या.

विंडोजवाल्यांसाठी, पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो म्हणून कीबोर्ड परत करू नका! तो दोष बहुतेक वेळा कीबोर्डचा नसतोच. एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात बाहेर काढणारा प्रोग्राम) टाका, बफर, म्हणजे आवाजाचा साठवून पाठवायचा तुकडा, २५६ सॅम्पलवर आणा, ४४.१ किलोहर्ट्झला तो साधारण सहा मिलिसेकंद होतो, बाकी थोडा उशीर ड्रायव्हर आणि साउंडकार्डचा धरूनही बोटाला कळत नाही. आणि ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा, त्यांचा उशीर एवढा असतो की ठेका चुकणारच, साधे वायरचे लावा.

आता पियानोवाल्यांचं. दोन्ही हातांनी वाजवत असाल तर २५ छोट्या पट्ट्यांवर तुमची बोटं एकमेकांत अडकतील, तुम्ही ४९ पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचा बघा, एम-ऑडिओचा कीस्टेशन ४९ साधा आहे, नॉब-बिब नाहीत, पण पिच आणि मॉड्युलेशनची व्हील आहेत. टेबलावर जागा किती आहे ते आधी मोजा म्हणजे झालं. आणि घरात कुणाचा तरी जुना कॅसिओ कपाटावर पडला असेल तर तो उतरवून मागची बाजू बघा, यूएसबीचं किंवा मिडीचं सॉकेट असेल तर तोच लॅपटॉपला लावून महिनाभर वाजवा. फक्त पट्टी हळू आणि जोरात दाबल्यावर आवाज बदलतो का तेवढं तपासा, काही स्वस्त मॉडेलमध्ये बदलत नाही आणि मग सगळं एकसुरी रेकॉर्ड होतं.

मिनीलॅब मला बारा हजारांच्या आत पडला, किंमत सेलप्रमाणे खालीवर होते. सस्टेन पेडल (पट्टी सोडली तरी सूर धरून ठेवणारं) वेगळं घ्यावं लागतं.