साधनांवरचा प्रश्न तपासताना: मुद्द्यागणिक गुण की स्तर?

इतिहासाच्या पेपरात साधनांतले, म्हणजे पत्रं, बखरी अशा जुन्या लेखनातले, दोन उतारे द्यायचे आणि त्यांवर 8 गुणांचा प्रश्न घालायचा, इथवर कुणाची हरकत नसते. मतभेद सुरू होतात ते गुणदान योजना लिहायला बसल्यावर. एक पद्धत मुद्द्यागणिक गुणांची: लेखक ओळखला एक, काळ सांगितला एक, हेतू एक, मर्यादा एक. दुसरी स्तरांची: उत्तर सबंध वाचायचं, ते कोणत्या पायरीवर बसतं ते ठरवायचं आणि मग त्या पायरीतला गुण द्यायचा. मोठ्या परीक्षांत दोन्ही चालतात. अमेरिकेतल्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळकरी मुलांसाठीची कॉलेजच्या पातळीची परीक्षा) इतिहासाच्या परीक्षेत 7 साधनांवरच्या निबंधाला 7 गुण असतात, आणि प्रत्येक गुणाची अट वेगळी लिहिलेली असते. आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या) साधनांवरच्या पेपरात शेवटचा 9 गुणांचा प्रश्न स्तरांनी तपासतात.

मुद्द्यागणिक पद्धतीच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. तपासणी भराभर होते, नवख्या परीक्षकालाही जमते, दोन परीक्षकांच्या गुणांत फरक कमी पडतो, आणि फेरतपासणीत ‘हा गुण का नाही?’ याचं उत्तर बोट ठेवून देता येतं. तरीही मोठ्या प्रश्नाला ती मला पटत नाही. कारण एकच आहे, पण ते नीट उलगडून सांगायला हवं.

समजा विषय शिवराज्याभिषेकाचा आहे. पहिला उतारा हेन्री ऑक्झिंडेनचा. हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, म्हणजे दूत, कराराच्या बोलण्यांसाठी आलेला आणि जून 1674 मध्ये रायगडावर स्वतः हजर असलेला. सिंहासनाच्या बाजूंना भाल्यांवर लावलेली सोन्याची मत्स्यशीर्षं, घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू त्याने टिपला आहे. तराजू हे न्यायाचं चिन्ह, असंही तो लिहितो. दुसरा उतारा सभासद बखरीतला, ‘बत्तीस मण’ सोन्याच्या सिंहासनाचा. ही बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली, म्हणजे सोहळ्यानंतर साधारण वीस वर्षांनी. प्रश्न असा: राज्याभिषेकामागचा राजकीय उद्देश समजून घ्यायला हे उतारे कितपत उपयोगी आहेत?

एक उत्तर असं येतं: ‘पहिला उतारा समकालीन आहे. लेखक स्वतः हजर होता. पण तो परकीय असल्याने एकांगी असू शकतो. दुसरा उतारा नंतर लिहिला आहे. लेखक दरबारी असल्याने स्तुती करतो. म्हणून दोन्ही पूर्ण विश्वसनीय नाहीत.’ मुद्द्यागणिक मोजलं तर सहा वाक्यांना पाच-सहा टिक सहज. आणि यात तराजू नाही, सिंहासन नाही, राजकीय उद्देशाबद्दल अवाक्षर नाही. उतारे न वाचता, नुसता त्यांच्याखालचा परिचय वाचून हे लिहिता येतं. उद्या उतारे बदलून भलत्याच शतकातले दिले, तरी हेच उत्तर जसंच्या तसं चालेल.

दुसरं उत्तर: ‘ऑक्झिंडेनला करार करायचा होता, त्यामुळे समोरची सत्ता किती पक्की आहे हे तो पाहत होता. तराजूचा अर्थ तो लगेच न्याय असा लावतो, म्हणजे दरबाराला परक्या वकिलापर्यंत जे पोचवायचं होतं ते पोचलं. बत्तीस मण हा आकडा वजन करून लिहिलेला वाटत नाही. पण राज्य संकटात असताना तो असा लिहावासा वाटला, यावरून सोहळ्याची आठवण किती मोठी झाली होती ते कळतं.’ योजनेप्रमाणे याला हेतूचा एक, आशयाचा एक, मर्यादेचा एक, फार तर आणखी एक. पहिल्याला सहा, याला चार! साधनचिकित्सा करणारं मूल मागे पडतं आणि साचा पाठ केलेलं पुढे जातं. मला सर्वांत जास्त खुपतं ते हे.

यावर डागडुजी करता येते. ‘उताऱ्यातल्या तपशिलासह’ अशी अट प्रत्येक गुणाला जोडता येते. एपीतही लेखकाचा हेतू नुसता सांगून भागत नाही, तो आपल्या युक्तिवादाला कसा लागू पडतो हे सांगावं लागतं. पण अट नीट लिहिली की ती हळूहळू स्तरच होत जाते.

आता स्तर. 8 गुणांना चार पायऱ्या पुरतात. उताऱ्यातलंच पुन्हा सांगणं किंवा साधनाच्या प्रकाराबद्दलचं सरसकट वाक्य, 1–2. उताऱ्यातून अनुमान काढलंय पण प्रश्नाला धरून नाही, 3–4. लेखक कोण, कशासाठी लिहितोय याची उताऱ्यातल्या ठरावीक तपशिलाशी सांगड घालून उपयोग ठरवला, 5–6. दोन्ही उतारे एकमेकांशी ताडून, मर्यादा असलेलं साधनही कशासाठी उपयोगी पडतं हे दाखवलं, 7–8. वरच्या उत्तरांना अनुक्रमे 2 आणि 7 मिळतील.

यातही गोष्टी बिघडतात, आणि त्या लपवू नयेत. ‘चांगले’, ‘सखोल’, ‘परिपूर्ण’ अशी विशेषणं लिहिली की प्रत्येक परीक्षक आपापला अर्थ लावतो. विद्यार्थ्याने काय केलं ते क्रियापदात लिहावं. शंका आली की हात मधल्या गुणांकडे जातो. लांब उत्तर उगाच वर चढतं. आणि वीसेक उत्तरपत्रिकांनंतर मोजपट्टी सैल किंवा कडक होते. उपाय कष्टाचे आहेत. आधी सगळ्या परीक्षकांनी तीच 8–10 उत्तरं स्वतंत्रपणे तपासायची, गुणांचा फरक एकापेक्षा जास्त असेल तिथे बोलायचं, आणि प्रत्येक पायरीचं एक नमुना उत्तर समोर ठेवायचं. पूर्ण पेपर एका बैठकीत तपासण्यापेक्षा हा एकच प्रश्न सगळ्यांचा सलग तपासावा, आणि दर 20 उत्तरांनंतर नमुन्यांपैकी एक पुन्हा वाचावं. आधी पायरी, मग गुण; उलट केलं की पुन्हा टिक मोजणं सुरू.

एवढा वेळ किंवा दुसरा परीक्षक नसेल, तर मुद्द्यागणिक तपासणंच अधिक न्याय्य ठरू शकतं, हे मान्य. ‘उताऱ्यातून कोणत्या दोन गोष्टी कळतात?’ अशा 2–3 गुणांच्या प्रश्नांना तर तीच पद्धत ठेवावी. पण 6 गुणांच्या वर माझा कल स्तरांकडे आहे.

मात्र योजना बदलण्याआधी प्रश्नाचे शब्द पाहा. ‘साधनाची विश्वसनीयता स्पष्ट करा’ असं विचारलं तर साचाच मागितल्यासारखं होतं, आणि वरच्या दोन पायऱ्यांवर कुणी चढूच शकत नाही. ‘अमुक समजून घ्यायला कितपत उपयोगी’ असं विचारा, आणि त्या ‘अमुक’च्या जागी नेमकी गोष्ट घाला.