वार्षिक प्रवास विमा : बार्बाडोस, बेरिल आणि जीएसटीचा रकाना

रिन्यूअलचे मेसेज आता रोज येतायत, म्हणून वर्षभर वापरलेल्या या पॉलिसीबद्दल लिहूनच टाकते. वार्षिक मल्टिट्रिप (म्हणजे वर्षभरातल्या सगळ्या परदेश प्रवासांना एकच), अमेरिका-कॅनडा वगळून, नवरा-बायको दोघांची. कव्हर किती, डिडक्टिबल (म्हणजे क्लेममधला आपण सोसायचा वाटा) किती हे माहितीपत्रकात आहे आणि तुम्ही ते बघितलं असेलच. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे हीच पॉलिसी आहे ते रकान्याची हकिगत वाचून ओळखतील.

'अमेरिका-कॅनडा वगळून' का, तर प्रीमियम. मुंबईहून बार्बाडोसला थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीवरून गेलो असतो तर या कंपनीत वरचा, बराच महाग प्लॅन घ्यावा लागला असता. म्हणून लंडनमार्गे गेलो. नवऱ्याचं लक्ष फक्त एकाच गोष्टीवर, २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या फायनलवर. तिकिटं काढली तेव्हा भारत फायनलला पोचेल की नाही याचा पत्ता नव्हता. मी अकाउंट्समध्ये आहे, असले व्यवहार मला झेपत नाहीत. पण बार्बाडोसला भारतीयांना व्हिसा लागत नाही, तेवढा खर्च वाचला.

मॅचबद्दल मी काय सांगणार, सगळ्यांनी बघितलीय. २९ जून, शनिवार, केन्सिंग्टन ओव्हल. आपले १७६, दक्षिण आफ्रिकेचे १६९, आणि सूर्याचा तो झेल. तिकडच्या घड्याळात सकाळी साडेदहाला सुरू झालेली मॅच दुपारीच संपली. संध्याकाळी लोक अजून रस्त्यावर नाचत होते आणि त्याच संध्याकाळी बेटाकडे येणाऱ्या बेरिल नावाच्या वादळाला अधिकृतपणे हरिकेन, म्हणजे तिकडचं मोठं चक्रीवादळ, म्हणून जाहीर केलं. नाव त्याला आदल्या रात्रीच, २८ जूनला मिळालं होतं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रविवारपर्यंत ते पाचपैकी चौथ्या श्रेणीत गेलं. अटलांटिकमध्ये जून महिन्यात इतकं मोठं हरिकेन नोंदींमध्ये त्याआधी नाही. साध्या कमी दाबाच्या पट्ट्यापासून मोठं हरिकेन व्हायला त्याला दोन दिवससुद्धा लागले नाहीत, कारण समुद्राचं पाणी त्या दिवसांच्या मानाने फारच गरम होतं. बार्बाडोस बाकीच्या बेटांच्या माळेपासून पूर्वेला एकटंच पुढे आलेलं आहे. बरीच वादळं त्याला बगल देऊन जातात. देव बार्बाडोसचाच आहे, अशी तिथे म्हणच आहे. १९५५ च्या जॅनेटनंतर थेट २०२१ ला एल्साने तडाखा दिला, मधली साठेक वर्षं सुटली. पण आमच्या गेस्टहाउसच्या मालकीणबाई म्हणीवर विसंबणाऱ्यातल्या नव्हत्या. सकाळीच खिडक्यांना प्लायवूड ठोकून घेतलं, टब, बादल्या, पातेली सगळं पाण्याने भरून ठेवलं, आणि आम्हाला सुपरमार्केटच्या रांगेत पिटाळलं. माझं माहेर श्रीवर्धन. २०२० च्या निसर्गने आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या केल्या तेव्हा मी तिथेच होते, त्यामुळे मला कोणी सांगायची गरज नव्हती. नवरा मात्र 'एवढं काही नाही गं' म्हणत ब्रेडच्या लाद्या मोजत होता.

संध्याकाळी सातपासून सगळं बंद, विमानतळही बंद. रात्रभर वारा. सोमवारी सकाळी वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. डोळा आमच्यावर आला नाही, तरी दक्षिण किनाऱ्यावर लाटा रस्त्यावर आल्या आणि ब्रिजटाऊनच्या बंदरात मासेमारीच्या बोटी एकमेकींवर आपटून फुटल्या, बुडाल्या. आमचं गेस्टहाउस समुद्रापासून आत होतं, कारण समुद्रासमोरच्या खोलीचं भाडं ऐकून मी आधीच नाही म्हटलं होतं. वीज गेली एवढंच. खरा मार बसला ग्रेनेडाच्या कॅरिअकू बेटाला. तिथे अर्ध्या तासात बहुतेक घरं गेली. ते कळल्यावर आमच्या अडकण्याबद्दल कुरकुर करायची लाज वाटत होती. तरी हा रिव्ह्यू विम्याचा आहे, तेव्हा कुरकुर करते.

परतीचं विमान रद्द. भारताची टीमही तिथेच अडकली होती, हे तुम्ही बातम्यांत वाचलंच असेल. त्यांच्यासाठी खास विमान आलं, ते ३ जुलैला पहाटे उडालं आणि ४ जुलैला सकाळी दिल्लीत उतरलं. पत्रकारांनाही त्यात जागा मिळाली. आमच्यासारख्यांचा प्रश्नच नव्हता. त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली. फायनल समोर बसून बघितलेला ठाण्याचा माणूस मिरवणूक फोनवर बघतोय, हे नवऱ्याला अजून पचलेलं नाही.

आता पॉलिसी. इथून पुढचं मी ऑक्टोबरात लिहून ठेवलं होतं, तेव्हाचा राग तसाच ठेवते.

विलंबाची भरपाई सुरळीत मिळाली. पहिले बारा तास धरत नाहीत, पुढच्या प्रत्येक टप्प्याला ठरलेली रक्कम. विमान कंपनीचा ईमेल आणि बोर्डिंग पास अपलोड केला, पैसे खात्यात. नावं ठेवायला जागा नाही. पॉलिसीची मुदतही अशा वेळी आपोआप वाढते, त्यासाठी फोन करावा लागला नाही.

राहण्याच्या जादा रात्रींचा क्लेम हे वेगळं प्रकरण. पोर्टलवर हॉटेल बिलाचा फॉर्म उघडला की तिसरा रकाना येतो : हॉटेलचा जीएसटी नंबर. समोर लाल चांदणी, म्हणजे सक्तीचा. बार्बाडोसच्या गेस्टहाउसचा जीएसटी नंबर! मालकीणबाईंनी वहीच्या पानावर पावती लिहून दिली होती, सही आणि फोन नंबरसकट, तारखा सुवाच्य. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या व्हेंडरांपेक्षा चांगली पावती. पण तो रकाना भरल्याशिवाय 'पुढे' हे बटण उमटतच नाही.

हेल्पलाइनला फोन केला. 'मॅडम, हॉटेलकडून मागून घ्या ना.' वादळातून सावरणाऱ्या बाईला मी फोन करून भारताचा करनोंदणी क्रमांक मागायचा? दुसऱ्याने सांगितलं, पंधरा शून्यं टाका. मी जीएसटीची रिटर्न्स भरते, मला ठाऊक होतं काय होणार. पहिले दोन आकडे राज्याचा कोड असतात, पुढे दहा अक्षरी पॅन, आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने निघतं. शून्यं टाकल्यावर लाल अक्षरांत आलं, 'अवैध राज्य कोड'. म्हणजे ज्याने फॉर्म केला त्याने नंबर तपासायची व्यवस्था अगदी चोख केलीय. परदेश प्रवासाच्या विम्यात हॉटेल परदेशात असू शकतं, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्याने सुचवलं, आपल्या ओळखीच्या कुठल्याही हॉटेलचा टाका, सिस्टिम घेईल. म्हणजे मी खोटं बिल करू? प्रीमियमवर अठरा टक्के जीएसटी माझ्याकडून घेतलाच आहे, तोच नंबर वापरा की.

शेवटी विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकली. तिथे मात्र कोणी जीएसटी नंबर विचारला नाही. मग कंपनीतून एका बाईंचा स्वतःहून फोन आला, कागद ईमेलवर घेतले. महिन्याभरात उत्तर आलं नसतं किंवा आलेलं पटलं नसतं तर विमा लोकपालाकडे जाणार होते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. ऑक्टोबरचा निकाल : एक तारा.

आता पुढचं. क्लेम मंजूर झाला, तोही दुप्पट! पावतीवर साधं डॉलरचं चिन्ह होतं. बार्बाडोसमध्ये स्थानिक डॉलरलाही तेच चिन्ह वापरतात, आणि दोन बार्बाडोस डॉलरचा एक अमेरिकी डॉलर हा दर कितीतरी वर्षं ठरलेला आहे. कंपनीने सरळ अमेरिकी डॉलर धरले. मी ईमेल करून कळवलं. नवरा म्हणाला, 'कशाला सांगायला गेलीस? एवढं छळलं त्यांनी.' पण दुसऱ्याच्या चुकीचे पैसे माझ्या वहीत कुठल्या खात्याला टाकू? आता कळवल्याचा परिणाम ऐका : फाइल 'पुन्हा तपासणीसाठी' उघडली आणि सिस्टिमने आपोआप ईमेल पाठवला की हॉटेलचा जीएसटी नंबर प्रलंबित आहे.

त्या बाईंनीच पुन्हा सोडवलं. या वेळी दोन दिवसांत, बरोबर रकमेसह, आणि दिलगिरीचा फोनही केला. नंतर सिंगापूरला बॅग उशिरा आली तेव्हाचा क्लेम पोर्टलवरच एका बैठकीत झाला. त्यामुळे एक तारा ठेवणं अन्यायाचं होईल. माणसं चांगली आहेत, फॉर्म वाईट आहे.

एक कामाची गोष्ट, विशेषतः अमेरिकेतल्या मंडळींसाठी. त्याच गेस्टहाउसमध्ये न्यू जर्सीहून आलेलं एक मराठी जोडपं होतं. त्यांनी विमा शनिवारी सकाळी फोनवर घेतला, मॅचला निघता निघता. क्लेम फेटाळला, कारण वादळाला नाव शुक्रवारी रात्रीच पडलं होतं, आणि नाव पडल्यानंतर घेतलेल्या विम्यात ते वादळ धरत नाहीत. काही तासांचा फरक, पण नियम तसाच असतो आणि मला तो रास्तही वाटतो. आग लागल्यावर आगीचा विमा कोण देईल? ते काका तावातावाने भांडत होते, मी गप्प राहिले. जून ते नोव्हेंबर, म्हणजे वादळांच्या हंगामात, कॅरिबियनला जाणार असाल तर विमानाच्या तिकिटाबरोबरच पॉलिसी घ्या, 'निघताना बघू' म्हणू नका.

बेरिल हे नाव जागतिक हवामान संघटनेने २०२५ मध्ये वादळांच्या नावांच्या यादीतून कायमचं काढलं, पुढे त्या जागी ब्रियाना येणार. माझ्या क्लेमच्या फाइलमध्ये मात्र शेवटपर्यंत 'चक्रीवादळ बेरी' असं लिहिलेलं होतं. ते दुरुस्त करायला मी गेले नाही.

रिन्यू करणार आहे. प्रीमियम थोडा वाढलाय, तरी बाकीच्या दोन कंपन्यांचे दर काढून बघितले, त्यांचा जास्तच आहे. साडेतीन तारे देणार होते. पण काल पोर्टल उघडून बघितलं, तर हॉटेलच्या फॉर्ममध्ये 'परदेशातील आस्थापना' असा नवीन चौकोन आलाय. तो टिक केला. जीएसटीचा रकाना गेला आणि त्याच्या जागी, लाल चांदणीसह, हॉटेलमालकाचा पॅन नंबर मागणारा रकाना आला. तीन तारे.