डिपॉझिट ४५,००० दिले, परत मिळाले १३,९००: घर सोडताना तोंडी नोटिशीवर विसंबू नका

सरळ मुद्द्यावर येतो. कोल्हापुरात, देवकर पाणंद भागात, आम्ही टू बीएचके भाड्याने घेतला होता. भाडं ९,५००, डिपॉझिट ४५,०००, शिवाय एजंटला एक महिन्याचं भाडं. घर सोडताना हातात पडले १३,९००. उरलेले ३१,१०० मालकाने घशात घातले आणि कारण काय, तर मी "नोटीस दिली नाही".

नोटीस दिली होती. आधी समक्ष दिली, त्यांच्याच हॉलमध्ये बसून, त्यांच्या बायकोने केलेला चहा पीत. माझी कंपनी गोकुळ शिरगावला, रोजची दगदग नको म्हणून उजळाईवाडीला राहायला जायचं ठरलं होतं. मालकांना, म्हणजे काकांना, म्हटलं, एप्रिलअखेर घर सोडतोय, अॅग्रीमेंटमध्ये एक महिना आधी लेखी नोटीस द्यायची असं आहे, कागद करून आणू का? तर म्हणाले, "कागद कशाला ओ? घरचीच माणसं तुम्ही. व्हॉट्सअॅपला टाका, बास की." काकू मागनं, "जाणार व्हय? पोरीची सवय झाल्ती आम्हाला." असं बोलल्यावर वकिली थाटाचं पत्र माणूस कोणत्या तोंडानं पुढे करणार? २८ मार्चला व्हॉट्सअॅपवर रीतसर मेसेज टाकला. निळ्या टिका आल्या. उत्तर काही लिहिलं नाही, फोन केला. "मिळाला मिळाला, काय काळजी करू नगासा." लेखी एक अक्षर नाही, सगळं फोनवर. हे आता सुचतंय.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. फेब्रुवारीत बेडरूमच्या भिंतीवरून आमची थोडी वादावादी झाली होती. फ्लॅट सगळ्यात वरचा, गच्चीला चिरा. गेल्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीला कपाटामागे जी ओल धरली, ती उन्हाळा तोंडावर आला तरी हटली नव्हती. रंगाचे पापुद्रे नखाने निघायचे, खाली फरशीवर पांढरी भुकटी साचायची. फोटो पाठवले, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या चॅटमध्ये मधोमध एक बारीकशी राखाडी ओळ उमटली: त्यांनी 'डिसअपियरिंग मेसेजेस' चालू केलेत, यापुढचे मेसेज ७ दिवसांनी गायब होतील. सत्तरीचा माणूस, मोबाईलला सुद्धा 'मोबाइल्या' म्हणणारा, आणि सेटिंगमध्ये जाऊन बरोब्बर हेच बटण दाबतो! मला वाटलं, नातवाने काहीतरी केलं असेल, फोन भरला असेल. तुम्हालाही तेच वाटलं असतं. भाडेकरू-मालकाच्या चॅटमध्ये असं काही आलेलं दिसलं तर त्याच मिनिटाला स्क्रीनशॉट काढायला लागा. तो पर्याय तुम्हालाही तिथूनच बंद करता येतो, पण मुळात समोरच्याने चालू का केला हे स्वतःला विचारा.

४ एप्रिलला माझी नोटीस गायब. दोन्हीकडून. मला कळलंसुद्धा नाही, कारण आपण पाठवलेला मेसेज परत जाऊन वाचतो कोण?

एप्रिलचं भाडं मी १ तारखेलाच भरलं. बरेच जण शेवटचे दोन महिने भाडं देत नाहीत, डिपॉझिटमधून वळते करा म्हणतात. नियमात ते बसत नसेल, पण आता मला त्यांची अक्कल कळते.

३० एप्रिलला टेम्पो खाली उभा, सामान भरलेलं, बायको पोरीला घेऊन पुढे गेलेली. काका वही घेऊन आले आणि प्रत्येक खोलीत फिरून भिंतीतले खिळे मोजले. नऊ. प्रत्येक भोकाजवळ बोट ठेवून, तोंडाने मोठ्याने आकडा म्हणत. मग वही माझ्यापुढे धरली:

नोटीस न दिल्याबद्दल एक महिना: ९,५००
रंगकाम: १४,०००
साफसफाई: २,५००
खिळ्यांची भोकं, प्रत्येकी १००: ९००
गीझर दुरुस्ती: ४,२००

एकूण ३१,१००. ज्या भिंतीसाठी मी भांडलो, तिचाच रंग माझ्या डोक्यावर! नोटिशीचं म्हटलं तर शांतपणे, "मेसेज दाखवा की." फोन उघडला, वर-खाली केलं, आणि तेव्हा कुठे त्या राखाडी ओळीचा अर्थ पेटला. भिंतीचे फोटो तो पर्याय चालू होण्याआधी पाठवलेले, म्हणून ते चॅटमध्ये राहिले; नोटीस मात्र गेली.

खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय, किल्ली हातात, १३,९०० चा चेक समोर. घेतला. नाही घेतला असता तर तेवढेही गेले असते.

एजंटचा फोन तेव्हापासून 'स्विच ऑफ'.

मग पोलीस ठाणे. घर घेताना याच ठाण्यात भाडेकरूची माहिती म्हणून माझं आधार, फोटो, कंपनीचं पत्र सगळं जमा केलेलं. त्या वेळी आम्ही संशयित असल्यासारखी चौकशी. आता आम्हीच तक्रार घेऊन गेलो तर, "साहेब, हे सिव्हिल मॅटर हाय. कोर्टात जावा." अर्ज तरी घ्या म्हटलं, तर अर्जावर शिक्का मारायलाही दुपार घालवली. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात खिडकीवरचा माणूस म्हणाला, हे आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं? त्याने खांदे उडवले आणि डबा उघडला.

यात सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ऐका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. लायसन्सची (म्हणजे लिव्ह अँड लायसन्स या भाडेकराराची) मुदत संपून भाडेकरू निघाला नाही, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशाच प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो आणि दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई मागू शकतो. मालकासाठी वेगळा रस्ता, दुप्पट दर. भाडेकरूचं डिपॉझिट मालकाने गिळलं तर? जा दिवाणी कोर्टात, वकील लावा, तारखा घ्या. माझ्या ३१,१०० साठी वकिलाने नुसत्या नोटिशीचे ३,००० घेतले. मालकाला हेच गणित पाठ असतं: एवढ्या रकमेसाठी कोण कोर्टाची पायरी चढतंय?

पण त्याच कायद्यातलं कलम ५५ वाचून ठेवा. आपल्याकडे घरोघरी समज आहे की ११ महिन्यांच्या अॅग्रीमेंटला नोंदणी लागत नाही, ५०० चा स्टॅम्प आणि नोटरी केली की झालं. साफ चूक. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच लागतं, मुदत कितीही असो. ती नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणतो ते ग्राह्य, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आमचं अॅग्रीमेंट नोटरीचंच होतं, मूळ प्रत काकांकडे, मला झेरॉक्स. हे कलम ठाण्यात सांगितलं तर, "असलं काय नसतंय." छापलेला कागद दाखवला, तर तो उलटा करून टेबलावर ठेवला!

आता नोंदणी ऑनलाइन होते, शहरात फी १,०००, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. "कशाला तो खर्च" म्हणणाऱ्या मालकाला सांगा, अर्धा मी देतो, पण करा. नाही म्हणाला तर ते घर बघूच नका.

नोटीस कागदावर लिहा, दोन प्रती, एकीवर मालकाची सही-तारीख घ्या. सही देत नसेल तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. सोबत ईमेल करा. घरात शिरतानाच खिळे, भिंती, नळ, गीझर सगळ्याचा व्हिडिओ. गीझर आमच्या आधीपासून बंदच पडत होता, व्हिडिओ असता तर ४,२०० वाचले असते.

शेजारच्या वहिनींनी सामान गेल्यावर सांगितलं, आधीच्या भाडेकरूचंही असंच झालं होतं, त्याच्याकडून पण रंगाचे पैसे घेतले. आधी का नाही सांगितलं, वहिनी? "आम्हाला रोज त्यांच्यात राहायचंय, तुम्ही तर चाललाय."

वकिलाची नोटीस मालकाला पोचलीय, उत्तर नाही. पैशाच्या दाव्याची मुदत ३ वर्षं आहे, मी दावा लावणार आहे. वकील म्हणतात, आधीच्या भाडेकरूची साक्ष मिळाली तर बरंच सोपं जाईल. देवकर पाणंदच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, गच्चीतून ओल येणाऱ्या घरात राहून गेलेलं आणि रंगाचे पैसे कापले गेलेलं कोणी असेल, तर मला कळवा. जुनी झेरॉक्स, चेकची नोंद, काहीही चालेल.