कोकणात ऑफरोड गाडीचं संरक्षक सामान: काय टिकतं, काय गंजतं

थार, जिम्नी किंवा गुरखासाठी ॲक्सेसरीजच्या दुकानांत जे संरक्षक सामान मिळतं, ते दगड डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं असतं. दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत गाडी वापरणाऱ्याला दगडापेक्षा जास्त नडतं ते मीठ, आणि ते मीठ धरून ठेवणारा तांबडा चिखल. म्हणून इथे कुठलीही वस्तू घेताना पहिला प्रश्न हा: ती काढून तिच्या मागची बाजू धुता येते का? येत नसेल तर पत्रा कितीही जाड असो, आमच्या मते ती नापास.

सुरुवात स्किड प्लेटपासून, म्हणजे इंजिनच्या खाली बसवायच्या संरक्षक पत्र्यापासून, कारण सगळ्यात जास्त पैसे तिच्यावरच खर्च करावेत. बाजारात 3-4 मिमी लोखंडी आणि 5-6 मिमी ॲल्युमिनियम असे दोन प्रकार दिसतात. एक मीटर लांब, 80 सेंमी रुंद तुकडा धरला तर 3 मिमी लोखंड भरतं साधारण 19 किलो, 6 मिमी ॲल्युमिनियम 13 किलो. जांभ्याच्या कातळावर गाडी टेकली की लोखंड घसरत पुढे जातं. ॲल्युमिनियम दगडाला चिकटतं, त्यावर खोल चरे पडतात. एवढ्यापुरतं लोखंड सरस.

पण दुकानात लोखंडी प्लेट बहुतेक वेळा काळ्या पावडर कोटिंगमध्ये मिळते, आणि किनाऱ्यावर ते कोटिंग फसवं आहे. जिथे दगड लागतो तिथेच ते आधी उडतं, खारं पाणी कडेने आत शिरतं आणि वरचा काळा थर शाबूत दिसत असताना खाली गंजाचे पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेली प्लेट घ्या. तिच्यावर चरा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. भोकं, वाकवणं, वेल्डिंग हे सगळं बुडवण्याआधी झालेलं हवं. नंतर ड्रिल मारलं तर त्या कडेला झिंक प्रायमर लावून घ्या. बुडवताना उष्णतेने पत्रा थोडा वाकू शकतो, म्हणून गाडीखाली धरून सगळी भोकं जुळतात का हे पाहूनच पैसे द्या.

ॲल्युमिनियमच हवं असेल तर 5052 किंवा 5083 ग्रेड मागा. खाऱ्या हवेत हे दोन्ही चांगले टिकतात. अडचण येते बोल्टपाशी. ॲल्युमिनियम, स्टील आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि भोकाभोवती पांढरी भुकटी जमते. प्रत्येक बोल्टला नायलॉनचा वॉशर आणि बुश घालायलाच हवा. सोबत तो देत नसतील तर आधी विचारून घ्या.

प्लेटच्या आकारात तीन गोष्टी पाहा. ऑइल बदलायला ड्रेन बोल्टखाली भोक आहे का; चिखल बाहेर पडायला मागच्या बाजूला लांबट फटी आहेत का; आणि सायलेन्सरच्या खालचा भाग मोकळा आहे का. शेवटची बाब सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, गाडी नेणाऱ्यांसाठी गंभीर आहे. पाऊस संपला की तिथलं गवत वाळतं, प्लेट आणि गरम पाइपच्या मध्ये अडकतं आणि पेट घेऊ शकतं. पुढची कड फार खाली येत असेल तर फेरीबोटीच्या फळीवर, दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, तीच आधी घासते.

आता नट-बोल्ट. ‘स्टेनलेस आहे’ या उत्तरावर थांबू नका, बोल्टच्या डोक्यावर काय कोरलंय ते वाचा. ए2 म्हणजे 304 जातीचं स्टील, किनाऱ्यावर त्याला बारीक खड्डे पडतात. ए4 म्हणजे 316, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त दाद देत नाही. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर जाम होतात, त्यामुळे अँटी-सीझ पेस्ट लावल्याशिवाय आवळू देऊ नका. मात्र गाडी ओढायच्या हुकाचे बोल्ट हौसेने बदलू नका. तिथे 10.9 ग्रेड असेल तर त्याची ताकद ए4-70 पेक्षा, म्हणजे नेहमीच्या ए4 बोल्टपेक्षा, खूप जास्त असते. स्टेनलेस फक्त प्लेटसाठी.

दारांखालच्या पायऱ्या (फुटस्टेप) आणि दाराखालचा पत्रा दगडापासून वाचवणारा जाड पाइप, म्हणजे रॉक स्लायडर, यांत गल्लत होते. पातळ पत्र्याची फुटस्टेप दगडावर आपटली की वर वळून दाराखालच्या पत्र्यात घुसते. स्लायडर थेट चासीला बोल्टने बसलेला हवा, पाइप 48.3 मिमी बाहेरचा व्यास आणि 4 मिमी जाडीचा, म्हणजे सी-क्लास. पाइपची तोंडं वेल्डने बंद केलेली हवीत. नाहीतर चिखल आत जातो आणि पाइप आतून सडतो, बाहेरून काहीच कळत नाही.

स्नॉर्केलबद्दल, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या उंच नळीबद्दल, थोडक्यात. तो फक्त हवा वरून घेतो, गाडीची पाण्यात जायची मर्यादा वाढवत नाही. पावसाळ्यात व्हाळ (ओढा) ओलांडणाऱ्यांनी त्याआधी डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, ब्रीदर (हवा ये-जा करायच्या) नळ्या वर घेऊन बांधाव्यात. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडलं की आत पाणी ओढतं, ऑइल दुधाळ होतं आणि बेअरिंग खराब होतात. नळी स्वस्त आहे, बेअरिंग नाही.

पुढच्या बुलगार्डला आमचा स्पष्ट नकार. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये ते मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध असल्याचं राज्यांना कळवलं. धडकेचा जोर गार्डमुळे थेट चासीत जातो आणि एअरबॅग उघडण्याची वेळ बिघडते. पायी चालणाऱ्याला तर तो घातकच.

अंडरबॉडी कोटिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला मारायच्या लेपात, डांबरी प्रकार टाळा. कडक होऊन त्याला तडे जातात आणि तड्यात खारं पाणी अडकून राहतं. मेण किंवा लॅनोलिनवर (मेंढीच्या लोकरीतल्या मेणावर) आधारलेलं दरवर्षी लावावं लागतं, पण ते मऊ राहतं आणि सांध्यांत शिरतं. लावायचं एप्रिल-मे मध्ये, गाडी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावर. लावण्याआधी ब्रेक डिस्क, सायलेन्सर, रबरी बुश आणि दारांखालची पाणी जायची छिद्रं झाकून घ्या. ही छिद्रं बुजली तर कोटिंग न केलेलं बरं.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी घालू नका. वेळास, आंजर्ल्याला तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. फेरीबोटीच्या धक्क्यावर चाकं खाऱ्या पाण्यातून गेली असतील तर त्याच दिवशी खालून गोडं पाणी मारा. नवी प्लेट बसवल्यावर 500 किमीनंतर बोल्ट पुन्हा आवळा, आणि दिवाळीच्या सुमारास ती एकदा पूर्ण उतरवून वरच्या बाजूला साचलेला चिखल काढा.